चालण्याला ठेवलेलं नाव

व्हिडिओ गेमच्या पन्नास वर्षांत निर्मात्यांनी स्वतःच्या कामाला दिलेली नावं फारशी टिकलेली नाहीत. टिकली ती खेळणाऱ्यांनी दिलेली, दुकानांनी चिकटवलेली आणि पुष्कळदा टवाळीतून निघालेली. त्यांतलं सर्वांत भांडखोर नाव म्हणजे 'वॉकिंग सिम्युलेटर'. ज्या गेममध्ये शत्रू नाहीत, गुण नाहीत, हरणं-जिंकणं नाही, एखाद्या बेटावर, रिकाम्या घरात किंवा रानात फिरत, बघत, ऐकत राहायचं एवढंच काम, अशा गेमना हे नाव साधारण २०१२ नंतर सर्रास लावलं जाऊ लागलं. लावणाऱ्यांचा रोख उघड होता: यात नुसतं चालायचं असतं, याला गेम कसला म्हणायचा? निर्मात्यांना ते लागलं, आणि तेव्हापासून त्याऐवजी काय म्हणावं याची शोधाशोध चालू आहे. 'नॅरेटिव्ह एक्स्प्लोरेशन', 'फर्स्ट पर्सन एक्स्पीरियन्स', 'स्लो गेम', 'नॉटगेम', अलीकडे 'कोझी'. माझं म्हणणं असं की टवाळीतून आलेलं जुनं नावच या सगळ्यांपेक्षा बरं आहे. ते राहू द्यावं. भांडायचंच असेल तर ज्या दुकानात ते नाव लटकवलं जातं, त्या दुकानाच्या घड्याळाशी भांडावं.

त्यासाठी थोडं मागे जायला हवं. १९७५-७६ च्या सुमाराला विल क्राउदर हा प्रोग्रामर अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत होता. इंटरनेटचा पूर्वज अर्पानेट उभारणाऱ्या मंडळींतला तो एक. त्याला गुहा धुंडाळायचा नाद. केंटकीतल्या मॅमथ केव्ह या अवाढव्य गुहाजालाच्या काही भागाच्या नकाशांचं काम त्याने आणि त्याच्या बायकोने केलं होतं. घटस्फोट झाल्यावर मुलींसाठी म्हणून त्याने पीडीपी-१० संगणकावर, फोरट्रान भाषेत, त्या गुहेत फिरण्याचा एक खेळ लिहिला. चित्र नाही, आवाज नाही. पडद्यावर जागेचं वर्णन उमटायचं, खेळणाऱ्याने 'उत्तरेला', 'खाली' असं टाइप केलं की पुढची जागा. १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने त्यात बरीच भर घातली. त्याच्या आवृत्तीत ३५० गुणांची मोजदाद होती. खेळाचं नाव 'अ‍ॅडव्हेंचर'. पुढे त्या वळणावर निघालेल्या प्रत्येक खेळाला लोक 'अ‍ॅडव्हेंचर गेम' म्हणू लागले. एका अख्ख्या प्रकाराचं बारसं असं एका खेळाच्या नावावरून झालं, आणि त्याच्या मुळाशी होतं ते खऱ्याखुऱ्या गुहेतलं चालणं. चालणं म्हणजे गेमच नव्हे, असं २०१३ मध्ये तावातावाने सांगणाऱ्यांना आपला हा पणजोबा ठाऊक नसावा.

बाकीच्या नावांच्या जन्मकथाही अशाच. १९८० च्या 'रोग' या गेमसारखे ते 'रोगलाइक'. त्यांची लक्षणं ठरवायला २००८ मध्ये बर्लिनला जाणकार जमले, यादी झाली, आणि मग त्या यादीवरच वाद सुरू झाले. १९९३ च्या 'डूम'मागून आलेल्या गेमना काही वर्षं 'डूमची नक्कल' म्हणूनच ओळखत. नकला इतक्या झाल्या की 'फर्स्ट पर्सन शूटर' हे वेगळं नाव रूढ झालं. आता निर्मात्यांनी दिलेली नावं पाहा. इन्फोकॉमने आपल्या शब्दांतल्या खेळांना 'इंटरॅक्टिव्ह फिक्शन' असं भारदस्त नाव दिलं. बाजार 'टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचर'च म्हणत राहिला, १९८९ मध्ये कंपनीचा गाशा गुंडाळला गेला, आणि नंतर हौशी मंडळींनी ते नाव उचलून जगवलं. विल राइट आपल्या 'सिमसिटी'ला 'सॉफ्टवेअर टॉय' म्हणायचा. ते कुणी घेतलं नाही. एक मोठा अपवाद मात्र मान्य केला पाहिजे. 'रेसिडेंट ईव्हिल'ने १९९६ मध्ये स्वतःला 'सर्व्हायव्हल हॉरर' म्हणवून घेतलं आणि ते नाव आजही चालतं. पण तो गेम लाखांनी खपला होता. एवढ्या खपाचं पाठबळ असेल तर निर्मात्याचं नावही चालतं.

नावांची पद्धतशीर यादी करू गेलं तर तीही टिकत नाही. ख्रिस क्रॉफर्ड हा अटारी कंपनीत मुरलेला डिझायनर. १९८४ मध्ये त्याचं 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर गेम डिझाइन' हे पुस्तक आलं. त्यात त्याने सगळ्या खेळांचे दोन ढोबळ गट केले: हाताच्या चपळाईचे आणि डावपेचांचे. चपळाईच्या गटात लढाया, चक्रव्यूह, मैदानी खेळ, शर्यती आणि 'पॅडल गेम' असा एक स्वतंत्र कप्पा होता. 'पाँग'मध्ये गोल बटण फिरवून फळी सरकवायची आणि चेंडू परतवायचा, तसले खेळ त्या कप्प्यात. आज पॅडल गेम हा शब्द कुणाच्या तोंडी नाही. ते बटण गेलं, त्याच्याबरोबर कप्पाही गेला. क्रॉफर्ड शहाणा. आपली ही विभागणी लवकरच अपुरी पडेल, असं त्याने त्याच पुस्तकात लिहून ठेवलं होतं. त्याच्यानंतर वर्गीकरणं करणाऱ्या किती जणांनी ही कबुली दिली, हा प्रश्नच आहे.

या जुन्या याद्या चाळताना एक रीत दिसते. सिनेमाचे प्रकार विषयावरून नाहीतर भावनेवरून पडले: विनोदी, रहस्यमय, युद्धपट. गेमचे बहुतेक प्रकार पडले ते खेळणाऱ्याचा हात काय करतो यावरून. गोळ्या झाडायच्या तर शूटर, उंच-सखल फळ्यांवर उड्या मारायच्या तर प्लॅटफॉर्मर, गाडी पळवायची तर रेसिंग. गोष्ट महायुद्धाची असो नाहीतर परग्रहाची, नाव तेच. रीत रांगडी आहे, पण पैसे मोजणाऱ्याला पुढचे काही तास हातांनी काय करावं लागणार हे ती रोखठोक सांगते. 'वॉकिंग' हा शब्द या रीतीत चपखल बसतो. खोच आहे ती 'सिम्युलेटर'मध्ये. मायक्रोसॉफ्टचा 'फ्लाइट सिम्युलेटर' १९८२ चा. विमान चालवणं अवघड, म्हणून त्याचा सिम्युलेटर. चालायला कसला आलाय सिम्युलेटर?

गेममधून एकेक गोष्ट वजा करण्याची परंपराही या भांडणाहून बरीच जुनी आहे. 'सिमसिटी' ब्रॉडरबंड या प्रकाशकाकडे गेला तेव्हा त्यात जिंकणं-हरणं कुठे आहे, या प्रश्नावर तो अडला आणि १९८९ पर्यंत रखडला. १९९३ च्या सप्टेंबरात रँड आणि रॉबिन मिलर या भावांचा 'मिस्ट' आला. निर्जन बेट, कोडी, पुस्तकं, वाऱ्याचा आणि पाण्याचा आवाज. कुणी मारत नाही, घाई नाही. एका चित्रावरून दुसऱ्या चित्रावर जायचं, म्हणून कसलेल्या खेळाडूंनी त्याला 'स्लाइड शो' म्हणून हिणवलं. तो साठ लाखांहून जास्त खपला आणि २००२ मध्ये 'द सिम्स'ने मागे टाकेपर्यंत संगणकावरचा सर्वाधिक खपाचा गेम राहिला. 'डूम' त्यानंतर तीन महिन्यांच्या आत आला. त्या एका हिवाळ्यात पुढच्या सगळ्या भांडणाचे दोन्ही पक्ष बाजारात हजर होते, पण कुणाचं काही बिघडत नव्हतं.

त्याच वर्षी जपानमध्ये 'कॉस्मॉलजी ऑफ क्योतो' निघाला. हेइआन काळातल्या क्योतोच्या रस्त्यांवर भटकायचं, भुतं, भिकारी, साधू भेटतात, मेलं तर नरकाची फेरी आणि पुनर्जन्म. त्याची मोठी वाखाणणी १९९४ मध्ये 'वायर्ड' मासिकात कुणी केली, तर सिनेसमीक्षक रॉजर ईबर्टने. याच ईबर्टने २०१० मध्ये, व्हिडिओ गेम कधीच कला होऊ शकणार नाहीत, असं लिहून जगभरच्या खेळाडूंचा रोष ओढवून घेतला.  १९९८ मध्ये ओसामु सातो या चित्रकार-संगीतकाराचा 'एलएसडी: ड्रीम एम्युलेटर' आला. एका सहकारी महिलेच्या स्वप्नांच्या वहीवरून बेतलेला. ध्येय नाही, भिंतीला हात लागला की दुसरंच स्वप्न. त्याला नाव द्यायच्या भानगडीत तेव्हा कुणी पडलं नाही.

नाव मुद्दाम घेण्याचा, खरं तर नाव नाकारण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न बेल्जियममधून झाला. ऑरिया हार्वी आणि मिशेल सामिन हे जोडपं 'टेल ऑफ टेल्स' या नावाने काम करायचं. २००६ मध्ये त्यांनी 'रिअलटाइम आर्ट'चा जाहीरनामा काढला, २०१० मध्ये 'नॉटगेम्स'ची हाक दिली. त्यांचा २००८ चा 'द ग्रेव्हयार्ड' मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत धारदार तुकडा वाटतो. एक म्हातारी काठी टेकत स्मशानातून चालते, बाकावर बसते, एक गाणं ऐकू येतं, ती उठते आणि परत जाते. एवढंच. नमुन्याची आवृत्ती फुकट. पैसे देऊन घेतलेल्या आवृत्तीत फरक एकच: त्यात म्हातारी मरू शकते. गेमच्या बाजारात पैसे मोजून माणूस जीव वाढवून घेतो, इथे मरणाची शक्यता विकत मिळत होती. बाजारावरची इतकी नेमकी टिप्पणी शंभर जाहीरनाम्यांत सापडायची नाही. पण 'नॉटगेम' हे नाव मात्र टिकलं नाही. नकार सांगणारं नाव आपल्या शत्रूची व्याख्या मान्य करून बसतं: गेम म्हणजे काय ते तुम्ही ठरवा, आम्ही त्याच्या बाहेरचे.

त्याच २००८ मध्ये इंग्लंडच्या पोर्ट्समथ विद्यापीठात डॅन पिंचबेक नावाच्या अभ्यासकाने एक प्रयोग मांडला. सरकारी संशोधन निधीतून. 'हाफ-लाइफ २' या नावाजलेल्या शूटरचं इंजिन घ्यायचं आणि त्यातून शूटिंग काढून टाकायचं. मग उरतं त्यावर माणसाचं मन किती वेळ टिकतं ते पाहायचं. 'डिअर एस्थर' असा जन्मला. स्कॉटलंडच्या हेब्रिडीज द्वीपसमूहातलं एक ओसाड बेट. पळता येत नाही, उडी मारता येत नाही, काही उचलता येत नाही. चालताना एक पुरुषी आवाज एस्थर नावाच्या बाईला लिहिलेल्या पत्रांचे तुकडे वाचतो. कुठे कोणता तुकडा यायचा हे यंत्र ऐनवेळी निवडतं, त्यामुळे दोघांनी ऐकलेली गोष्ट तंतोतंत सारखी नसते. गुहेत शिरलं की टॉर्चसुद्धा आपोआप लागतो. खेळणाऱ्याच्या हाती तेवढंही ठेवलेलं नाही. रॉबर्ट ब्रिस्को या कलाकाराने बेट नव्याने उभारलं, जेसिका करीचं संगीत राहिलं, आणि १४ फेब्रुवारी २०१२ रोजी तो विक्रीला आला. गुंतवणूकदारांचे पैसे पहिल्या काही तासांतच सुटले. विद्यापीठातला प्रयोग बाजारात चालला, हे अनेकांना पचलं नाही. माझ्या मते 'वॉकिंग सिम्युलेटर' या शिवीतला राग इथला आहे. 'मिस्ट' हा वेगळ्या घराण्यातला होता, त्याला दुर्लक्षिता येत होतं. 'डिअर एस्थर'चा कॅमेरा, कीबोर्डवरची बोटं, इंजिन, सगळं शूटरचं. आणि बंदूक तेवढी नव्हती. घरातल्याच माणसाने मांसाहार सोडल्यासारखं ते झालं.

पुढच्या वर्षी 'गॉन होम' आला. त्याचे कर्ते 'बायोशॉक २' या शूटरच्या पुरवणी भागावर काम केलेले. १९९५ चा जून, ओरेगनमधलं एक घर, युरोपहून परतलेली थोरली मुलगी, दारावर धाकटीची चिठ्ठी, घरात कुणी नाही. वादळी पाऊस आणि करकरणारे जिने पाहून भुताची गोष्ट असणार असं वाटत राहतं, आणि निघते ती धाकट्या बहिणीच्या प्रेमाची. दुसऱ्या मुलीवरच्या. समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, बाफ्ता या ब्रिटिश अकादमीने पदार्पणाचा पुरस्कार दिला. दोन-तीन तासांच्या त्या गेमची किंमत होती वीस डॉलर. फेब्रुवारी २०१४ मध्ये स्टीम या ऑनलाइन दुकानाने गिऱ्हाइकांनाच गेमवर टॅग लावायची मुभा दिली, तेव्हा 'गॉन होम'वर काही जणांनी 'नॉट अ गेम' असा टॅग लावला. 'वॉकिंग सिम्युलेटर' हाही टॅग म्हणूनच स्थिरावला. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून 'गेमरगेट' नावाखाली जी झुंडशाही सुरू झाली, तिच्यात या गेमची आणि त्या करणाऱ्या, वाखाणणाऱ्या बायकांची नावं वारंवार आली. भटकण्याच्या या गेमना झालेल्या विरोधात बाईपणाबद्दलची चीड किती मिसळलेली होती, याचा अभ्यास मेलिसा कागेन यांनी केला आहे. मला तो पटतो. बंदूक नसलेला गेम 'खरा' नाही, हे वाक्य फक्त सौंदर्यशास्त्राचं कधीच नव्हतं.

पण शिवी झिजते. २०१५ पासून 'एव्हरीबडीज गॉन टू द रॅप्चर', 'फायरवॉच', 'व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच' आले. 'एडिथ फिंच'ने २०१८ मध्ये बाफ्ताचा सर्वोत्कृष्ट गेमचा मान घेतला. तोवर हेच गेम आवडणारे लोक दुकानात हाच टॅग दाबून नवे गेम शोधू लागले होते. जे नाव हाकलायला लावलं होतं, त्याचा उपयोग सापडायला होऊ लागला. इतक्या कमी वर्षांत कोणत्याही शिवीचं इतकं भलं झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

मग अडचण कुठे उरली? घड्याळात. जून २०१५ मध्ये स्टीमने पैसे परत देण्याचा नियम केला: विकत घेतल्यापासून चौदा दिवस आणि खेळलेले दोन तास, या आत असाल तर कारण विचारलं जाणार नाही. गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिलं तर नियम चांगला आणि उशिराच आलेला. पण 'डिअर एस्थर' दीड तासात संपतो. पूर्ण खेळून, डोळे पुसून, पैसे परत मागता येतात. गाण्याच्या मैफलीतून उठून कुणी तिकीट परत करत नाही. इथे ती सोय झाली. नियम करणाऱ्याच्या मनात गेम म्हणजे वीस-तीस तासांची वस्तू होती, आणि त्या मापात न बसणारं काम आपोआप महाग ठरलं. 'टेल ऑफ टेल्स'चा 'सनसेट' त्या नियमाच्या दोनेक आठवडे आधीच आला होता, त्यामुळे त्याच्या अपयशाचं खापर नियमावर फोडता येत नाही. तो साधारण चार हजार प्रती विकून थांबला आणि त्या जोडप्याने बाजारासाठी गेम करणं सोडलं. पण त्यांना मारलं ते याच हिशेबाने: तासाला किती डॉलर.

नाव दुकानावर किती अवलंबून असतं याचा एक पुरावा देतो. २०१२ चाच 'जर्नी' घ्या. वाळवंटातून दूरच्या डोंगराकडे चालत जायचं, शब्द नाहीत, बंदूक नाही, वाटेत एखादा अनोळखी सोबती. दोन तासांत संपतो. बाफ्ताचे पाच पुरस्कार, संगीताला ग्रॅमीचं नामांकन. त्याला 'वॉकिंग सिम्युलेटर' म्हणून कुणी फारसं डिवचलं नाही. त्याला कलाकृती म्हटलं गेलं. कॅमेरा पात्राच्या पाठीमागे होता, वाळूवरून घसरण्याची मजा होती, ही कारणं आहेतच. पण तो सोनीच्या प्लेस्टेशनवर होता, आणि संगणकावर यायला त्याला २०१९ साल उजाडलं. टॅगांचं युद्ध झालं त्या दुकानात तो नव्हताच.

आता पर्यायी नावं. 'एक्स्पीरियन्स' हे मला सर्वांत नावडतं. अनुभव कोणत्या गेमचा नसतो? बुद्धिबळात हरणं हाही अनुभवच. हे नाव काम काय आहे ते सांगत नाही, फक्त आदर मागतं. 'नॅरेटिव्ह एक्स्प्लोरेशन' अनुदानाच्या अर्जात शोभेल. 'स्लो' त्यापेक्षा बरं, पण ते सिनेमावाल्यांकडून उसनं आलेलं. शिवाय 'युरो ट्रक सिम्युलेटर २'मध्ये रात्रीच्या हायवेवर तासन् तास ट्रक हाकणारा माणूसही स्लोच खेळतो, आणि त्याला कुणी कलावंत म्हणत नाही. 'कोझी'चं प्रकरण निराळं. २० मार्च २०२० रोजी, जग घरात कोंडलं जात असताना, निन्टेंडोचा 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स' आला आणि महिनाअखेरपर्यंत १ कोटी १७ लाखांच्या वर खपला. त्यानंतर ऊबदार, सुरक्षित, बागकाम-चहा-मांजराच्या गेमची मोठी पेठ उभी राहिली. पण 'डिअर एस्थर' ऊबदार नाही. 'एडिथ फिंच'मध्ये एका घराण्यातली माणसं एकामागून एक मरतात. हळू चालणाऱ्या सगळ्यांना रजईत गुंडाळलं तर दुःखाचं काय करायचं?

माझ्या बाजूवरचा खरा आक्षेप वेगळा आहे. चालणं हे या गेमचं लक्षण तरी आहे का? 'गॉन होम'मध्ये महत्त्वाचं काम खण उघडण्याचं आणि दुसऱ्याच्या वस्तू हाताळण्याचं. 'द स्टॅनली पॅरेबल'मध्ये निवेदक सांगतो की स्टॅनली डावीकडच्या दारातून गेला, आणि खेळणारा उजवीकडे जातो. तिथे काम अवज्ञेचं आहे. आक्षेप बरोबर आहे. त्याला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे की 'शूटर' हे नावही आत पुष्कळ वेगळ्या गोष्टी लपवतं, आणि तरी ते फळी ओळखायला पुरतं. फळीवरून उचललेल्या गेमचं वेगळेपण सांगणं हे समीक्षकाचं काम. ते त्याने टॅगवर ढकलू नये.

आणि मधल्या काळात या नावाची गंमतच झाली. २००८ मध्ये, 'डिअर एस्थर'च्याच वर्षी, बेनेट फॉडीने 'क्वॉप' नावाचा छोटा गेम काढला होता. चार बटणांनी धावपटूच्या मांड्या आणि पोटऱ्या वेगवेगळ्या हलवायच्या. बहुतेक लोक दोन पावलांत तोंडघशी पडतात. पायांचं सिम्युलेशन म्हणायचं तर ते हे. 'डिअर एस्थर'मध्ये खाली बघितलं तर पायच नाहीत. मग २०१९ मध्ये हिदेओ कोजिमाचा 'डेथ स्ट्रँडिंग' आला. पाठीवर ओझं, निसरडे उतार, दोन बोटांनी सांभाळायचा तोल. चालणं हीच लढाई. कोजिमाने त्याला 'स्ट्रँड गेम' म्हटलं, लोकांनी वॉकिंग सिम्युलेटर म्हटलं, आणि इथे लोक अक्षरशः बरोबर होते. २०२५ च्या 'बेबी स्टेप्स'मध्ये फॉडी आणि त्याच्या साथीदारांनी एकेक पाऊल स्वतः उचलायला लावून चालण्यालाच डोंगराएवढं अवघड केलं. दुसऱ्या टोकाला यूबीसॉफ्टने २०१८ मध्ये आपल्या 'असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स'मधून मारामारी काढून टॉलेमींच्या काळातल्या इजिप्तमध्ये नुसतं फिरायची सोय दिली, शाळांना आणि संग्रहालयांना डोळ्यांसमोर ठेवून. पिंचबेकचा प्रयोग दहा वर्षांत बड्या कंपनीच्या दुकानात पोचला होता.

आपल्याकडे हा वाद पोचला तो फार थोड्यांपुरता, पण काम झालेलं आहे. गुजरातेत वापीजवळच्या चाला इथून ध्रुव जानी यांचा 'स्टुडिओ ओलिओमिंगस' मीर उमर हसन या कल्पित लेखकाच्या नावावर गोष्टी रचतो आणि त्या गोष्टींच्या दालनांतून आपल्याला चालवतो. 'अ म्युझियम ऑफ ड्युबियस स्प्लेंडर्स' २०१८ चा. गोव्यातून एकट्याने काम करणाऱ्या अरमान संधूंचा 'फरगॉटन फील्ड्स' २०२१ चा. लिहिणं अडलेला एक तरुण लेखक विकायला निघालेल्या जुन्या घरी जातो, एवढीच त्याची घडामोड.

भारतात मात्र गेमच्या प्रकाराचा प्रश्न रसिकांच्या आधी न्यायालयात गेला. १९५७ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात प्रश्न होता वर्तमानपत्रातल्या बक्षिसाच्या शब्दकोड्यांचा. सर्वोच्च न्यायालयाने रेघ ओढली: यश बऱ्याच अंशी कौशल्यावर असेल तर तो जुगार नव्हे. १९६८ मध्ये रमीही त्या रेघेच्या सुरक्षित बाजूला आली. फ्रान्समध्ये रोजे काय्वा याने १९५८ मध्ये खेळांचे चार मूलभूत प्रकार सांगितले होते: स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ. आपल्या कायद्याने त्यांतले पहिले दोनच ओळखले, आणि जवळजवळ सत्तर वर्षं सगळे युक्तिवाद त्या दोहोंत फिरले. हळू चालणारे गेम राहतात ते उरलेल्या दोन प्रकारांच्या आसपास. दुसऱ्या कुणाच्या तरी अंगात शिरून फिरणं आणि भान थोडं सुटू देणं.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. त्याने कौशल्य-दैवाची रेघ पुसली आणि पैशांची ओढली. आता कप्पे तीन: ई-स्पोर्ट, ऑनलाइन सोशल गेम, ऑनलाइन मनी गेम. पहिल्या दोहोंना उत्तेजन, तिसऱ्यावर बंदी. कर्जबाजारी झालेल्या घरांची हकिगत ऐकलेला माणूस या बंदीवर फार हरकत घेणार नाही. पण विकत घेऊन, इंटरनेट बंद करून, एकट्याने दोन संध्याकाळींत संपवायचा गेम या तिन्हींत बसत नाही. तो बेकायदा नाही, आणि कायद्याने कबूल केलेल्या उत्तेजनातही त्याचं नाव नाही. गेमसाठी सरकारी योजना आखल्या जातील तेव्हा अर्ज याच कप्प्यांना धरून छापले जाण्याचा संभव मोठा आहे. त्याआधीच चौथा एक कप्पा मागून घ्यावा. त्याला हवं ते रूक्ष सरकारी नाव द्या, माझी तक्रार नाही. फक्त त्याचं माप स्पर्धकांच्या आणि तासांच्या आकड्यात ठरवू नका.